टेम्प कुणाला म्हणता

…आणि वर मलाच विचारतो, "काका, टेम्प म्हणजे काय, कल्पना आहे का तुम्हाला?" मला! म्हणजे माशाला विचारावं, बाबा रे, पाणी कधी पाहिलंयस का? अहो, सव्वीस वर्षं माझं नाव काय होतं? टेम्प! हजेरीला टेम्प, चहाला टेम्प, शिव्या घालायला टेम्प. टेम्प म्हणजे काय, ते मला विचारा.

तुम्हाला सांगतो, बसा निवांत, आज मला सुट्टी आहे. कसली सुट्टी ते शेवटी सांगतो, आधीच सांगितलं तर तुम्ही हसून उठून जाल आणि माझी गोष्ट राहील लोंबकळत.

तर नावाचं. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात रेकॉर्डरूमला होतो. शिक्षण सातवी, त्यातली सहावी दोनदा, कारण सहावीचे मास्तर मला सोडायलाच तयार नव्हते. कामावर लागलो तेव्हा ओळखपत्र दिलं. त्यावर कारकुनाला लिहायचं होतं 'टेम्पररी', तेही इंग्रजीत. पण छापील चौकोन एवढासा आणि कारकुनाचं अक्षर म्हशीएवढं. चारच अक्षरं मावली. टी, ई, एम, पी. संपला चौकोन. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं ते कार्ड चष्म्याखालून बघितलं आणि नाकातून हाक मारली, "ए टेम्प, तीन नंबरचा गठ्ठा आण." त्यांना वाटलं आडनावच आहे, असतील कुठल्या तरी लांबच्या गावचे टेम्प लोक! मला मजा वाटली. मग मी सहीसुद्धा तशीच करायला लागलो, खाली दोन टिंबं देऊन. लग्नात हेडक्लार्क आले, आमच्या हिच्याकडे बघून म्हणाले, "अच्छा, या मिसेस टेम्प." ती बिचारी नवी नवरी, घाबरलीच, म्हणाली मुलगा दाखवताना नाव दुसरं सांगितलं होतं… आज चाळीस वर्षं झाली, मला ते ऐकावं लागतं.

आणि टेम्पररी माणसाला सलग नव्वद दिवस ठेवायचं नाही, असा नियम. नव्वद भरले की तो कायम करा म्हणून मागे लागेल ना! म्हणून एकोणनव्वद दिवस भरले की ब्रेक. ब्रेक म्हणजे एक दिवस घरी बसायचं, आणि परवा परत जायचं, अगदी नवा माणूस म्हणून, जसं काही मी ते ऑफिस कधी बघितलंच नाही. मी पण मग दारात उभा राहून विचारायचो, "साहेब, रेकॉर्डरूम कुठे आली हो?" सव्वीस वर्षांत एकशे चार वेळा मला काढलं आणि एकशे चार वेळा घेतलं. कायमवाल्यांचं काय, एकदा आले, एकदा गेले. मला एकशे चार वेळा बोलावून घेतलंय! एवढी मागणी साहेबाला तरी होती का?

कुठे होतो मी… हां. सूनबाई.

आमची सूनबाई नकाशे काढते. घरांचे, दुकानांचे, जिन्यांचे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल, त्यावर तो कम्प्युटर, आणि तिच्या ऑफिसनं तिला घेतलंय तीन महिन्यांसाठी. काम बघू, पटलं तर कायम करू. म्हणजे आलं ना लक्षात? एका घरात दोन टेम्प! मी तिला म्हटलं, अगं, घाबरू नकोस, ही कला आपल्या घराण्यात आहे. ती हसली नाही. तिला व्हायचं होतं कायम. आणि ते सगळं येऊन ठेपलं होतं एका शाळेच्या नकाशावर. दोन मजले, बारा वर्ग, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, मुलींचं स्वच्छतागृह कुठल्या बाजूला, सगळं. अकरा दिवस ती त्यात बुडाली होती. जेवताना बोटानं ताटात जिना काढायची आणि म्हणायची, बाबा, एक पायरी जास्त येतेय. मी म्हणायचो, असू दे, मुलं उडी मारतील. बाराव्या दिवशी दुपारी चारला तो नकाशा तिच्या साहेबीणबाईंकडे पोचायचा होता. चार म्हणजे चार. चार वाजून पाच मिनिटांनी पोचला तर 'धन्यवाद, तुमची गरज नाही' असं ती साहेबीणबाई फार गोड आवाजात सांगते म्हणे.

तर बाराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मशीन अडलं. जागा शिल्लक नाही, म्हणे. काही लिहू देईना, काही ठेवू देईना, नकाशा उघडला की मध्येच पांढराफटक. आणि पुढच्या खोलीतून हाक आली, "बाबा…"

बघा हं, नुसतं बाबा. पण त्या बाबाला शेपूट एवढं लांब होतं की मी मागच्या अंगणात असून माझ्या पायात आलं.

आता खरं सांगायचं तर संशय घेण्यासारखा माझा इतिहास आहे. आदल्याच आठवड्यात मी तिच्या माऊसच्या पोटाखाली, तो लाल दिवा असतो ना, तिथे कागदाचा कपटा चिकटवला होता. ती अर्धा तास माऊस घासतेय टेबलावर, कपडे धुतल्यासारखा, आणि बाण हलायला तयार नाही. मी आपला शेजारी बसून सल्ले देतोय, जरा पाणी लाव, पाणी लाव. त्याच्या आधी पडद्याचा फोटो काढून तोच पडद्यावर लावला होता. चित्रांवर टिचक्या मारतेय, काही उघडतच नाही, उघडणार कसं, ती चित्रं नव्हतीच, चित्रांचं चित्र होतं! फार सुंदर काम झालं होतं ते. पण त्या दिवशी… तुम्हाला शपथेवर सांगतो, मी काही केलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा निर्दोष होतो आणि एक माणूस विश्वास ठेवायला तयार नाही! मुलाला फोन गेला, तो ऑफिसातून म्हणाला, आधी बाबांना त्या खोलीतून बाहेर काढ. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, पत्ते खेळतात दिवसभर त्याच्यावर, त्या पत्त्यांनीच भरलं असेल. बावन्न पत्ते! किती जागा लागते हो बावन्न पत्त्यांना?

मग बोलावलं फॉरमॅटला. फॉरमॅट म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा कम्प्युटर दुरुस्तीवाला. चाळिशीचा आहे, हुशार आहे, पण औषध एकच. कीबोर्डवर चहा सांडला म्हणा, फॉरमॅट मारू. वायर तुटली म्हणा, फॉरमॅट मारू. एकदा त्याला सर्दी झाली होती, मी म्हटलं, लेका, फॉरमॅट मार. तर तो आला, मशीन बंद करून चालू केलं, ते सगळे आधी करतात तेच, आणि मला तर खोलीतून हद्दपार केलेलं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसलो. उलटं धरलं होतं, पण कान सरळ होते.

आणि काय ऐकू यावं? फॉरमॅट म्हणतोय, "ताई, हे टेम्प किती वर्षं बसलंय इथे?"

मी गार.

सूनबाई म्हणते, पहिल्यापासून असेल, मी कधी लक्ष दिलं नाही.

"तेच तर. कोणी लक्ष देत नाही, मग हे फुगत जातं. नुसती जागा खातं. कामाचं काही नाही."

आणि आमची सूनबाई, जिला मी लेकीसारखं… जाऊ दे. ती विचारते, काढून टाकता येतं का? मला वाटतं, काढलं तर काहीतरी बिघडेल.

"काही बिघडत नाही हो ताई. कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही."

आता तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतंत? मी उठलो. वर्तमानपत्राची सुरळी केली. दार ढकललं आणि म्हटलं, "एकशे चार वेळा काढलंय मला. एकशे पाचव्यांदा काढणारा तू कोण रे?"

फॉरमॅट माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे, सूनबाई दोघांकडे. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज, ती आमची ही हसत होती, तिला बरोब्बर कळलं होतं. मग सूनबाईनं नुसतं बोट दाखवलं पडद्याकडे. मी चष्मा पुसला. बघतो तर टी, ई, एम, पी. इतक्या वर्षांनी माझं ओळखपत्र मला पडद्यावर दिसलं!

आणि तेव्हा तो विचारतो, "काका, टेम्प म्हणजे काय, कल्पना आहे का?" अरे, टेम्प म्हणजे काय, ते मला विचारा!

पण समजावून चांगलं सांगितलं हो त्यानं, माणूस वाईट नाही. म्हणाला, मशीनमधला प्रत्येक प्रोग्राम काम करताना काही कच्चे कागद काढतो. अर्धवट हिशेब, तात्पुरत्या नकला, लाइट गेले तर असावं म्हणून एक जास्तीची प्रत. काम झालं की त्यानं ते आवरून जायचं असतं. पण प्रोग्राम मध्येच बंद पडला किंवा मुळात आळशी असला की ते कागद तिथेच राहतात. वर्षानुवर्षं. सूनबाईचं नकाशांचं मशीन तर दर थोड्या वेळानं जास्तीची प्रत काढत होतं. झाले अडतीस जीबी. म्हटलं, म्हणजे पत्ते नाहीत ना? म्हणाला, पत्ते नाहीत. म्हटलं, जरा मोठ्यानं सांग, स्वयंपाकघरापर्यंत जाऊ दे.

मला ते सगळं इतकं पटलं म्हणून सांगू! हेच आमचं ऑफिस. साहेब येतो, वीस फायली काढतो, टेबलभर पसरतो, फोन आला की उठून जातो. आणि त्या वीस फायली तिथेच. त्यांना कोणी सांगतच नाही, बायांनो, तुमचं काम झालं, जा घरी.

तोपर्यंत वाजला होता एक. फॉरमॅटनं दोन बटणं दाबली, सगळी यादी निळी झाली, हजारो नावं, सगळी निळी, मग अजून दोन दाबली आणि पडद्यावर प्रश्न आला. मी म्हटलं, काय विचारतंय? तो म्हणाला, विचारतंय की हे सगळं कायमचं काढायचं का. साधं काढलं तर कचऱ्याच्या डब्यात जातं आणि डबाही याच घरात, जागा अडलेलीच राहते, म्हणून आपण सरळ कायमचं.

कायमचं. बघा, टेम्पररीच्या बाबतीत हा शब्द कधी निघतो? काढताना!

आणि त्याच क्षणी मला आठवले आमचे दप्तरी. गठ्ठे बांधणारे, म्हातारे, चष्म्याला दांडीऐवजी दोरा. मी लागलो त्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती. गठ्ठा फेकायचा असला तर वर काय लिहिलंय ते बघायचं नाही, वरचं नाव कोणीही लिहितं. गाठ सोडायची आणि शेवटचा कागद बघायचा. तारीख कुठली, शाई वाळलेली की ओली. शाई ओली असली तर गठ्ठा जिवंत आहे. आणि सांगतो काय, एकदा 'रद्दी' लिहिलेल्या गठ्ठ्यात मी शेवटचा कागद बघितला, तर तो अख्ख्या वस्तीच्या पाइपांचा नकाशा, आदल्या आठवड्यातल्या दुरुस्तीसकट! तो गेला असता तर पाणी कुठे बंद करायचं ते कुणाला कळलं नसतं. साहेबानं मला शाबासकी दिली आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक दिला. एकोणनव्वद भरले होते.

फॉरमॅटचा हात माऊसकडे निघाला. मी माऊस उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

फॉरमॅट हसला. त्याला वाटलं, झालं, काकांचं सुरू. पण सूनबाई नाही हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आज नको. आज मस्करी नको."

तुम्हाला सांगतो, साठ वर्षं मी लोकांना फसवतोय. शाळेत मास्तरांना, ऑफिसात हेडक्लार्कला, घरी सगळ्यांना. मला कधी वाईट वाटलं नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की मला खरं बोलायचंय आणि माझ्याकडे खरं बोलायचा आवाजच नाही. जो आहे तो सगळा मस्करीचा. काय करणार? मी माऊस खिशातून काढला, तिच्या हातात दिला. फॉरमॅटच्या नाही, तिच्या.

म्हटलं, "मी सव्वीस वर्षांत एकही गठ्ठा न बघता फेकला नाही. यातला शेवटचा कागद बघ. एकच. मग याला टाक आणि वाटलं तर मलाही टाक."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी हसतोय का ते शोधत होती. मग फॉरमॅटला म्हणाली, दोनच मिनिटं थांबा.

प्रश्न रद्द केला. यादी तारखेनं लावली, नवं ते वर. आणि सगळ्यात वर, त्याच दिवशीची सकाळ, दहा वाजून पन्नास मिनिटं… शाळा.

तिची शाळा! दोन मजले, बारा वर्ग, उतार, सगळं टेम्पमध्ये. फॉरमॅट म्हणाला, शक्य नाही. मग तिनं आपला 'शाळा' नावाचा कप्पा उघडला, जिथे नकाशा आहे असं ती अकरा दिवस समजत होती. तिथे काय? साहेबीणबाईंनी पहिल्या दिवशी पाठवलेला रिकामा प्लॉट. चार रेघा आणि एक झाड.

झालं होतं असं, की पहिल्या दिवशी मेल आली, तिनं एक प्रत कप्प्यात ठेवली, पण मेलमधूनच तो नकाशा उघडला आणि काम सुरू केलं. मेलमधून उघडलं की मशीन त्याची एक कच्ची प्रत काढतं, आणि ती ठेवतं कुठे? टेम्पमध्ये! बाई रोज सेव्ह करतेय, इमानदारीत सेव्ह करतेय, आणि मशीन रोज तिकडेच नेऊन ठेवतंय. दुसऱ्या दिवशी ती उघडायची 'अलीकडे उघडलेलं' या यादीतून, त्यामुळे कुठे ठेवलंय ते बघायची वेळच आली नाही. वर नाव रद्दीचं, आत शाई ओली.

फॉरमॅट खाली बसला. खुर्चीत नाही, जमिनीवर. म्हणाला, काका, माझं बोट बटणावर होतं. मी म्हटलं, असू दे, बोटं सगळ्यांचीच असतात बटणावर.

मग आधी शाळा उचलून पेनड्राइव्हवर घेतली. मग तारखेनं एक महिन्याच्या आतलं सगळं मी एकेक करून बघितलं, मीच बसलो खुर्चीत, कोण उठवतंय मला आता? आणि उरलेलं काढलं. सोपं आहे हो, लिहून घ्या. खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि आर, एकदम. छोटी चौकट येते. त्यात टक्क्याची खूण, टेम्प, परत टक्क्याची खूण. दोन्ही बाजूंनी टक्के, मधे मी. एंटर मारलं की दप्तर उघडतं. तारखेनं लावा, शाई बघा, आपलं असेल ते बाहेर काढा, उरलेलं खुशाल काढून टाका. चार-दोन फायली म्हणतील, आम्ही कामात आहोत, हलणार नाही. त्यांना 'राहू दे' म्हणायचं आणि पुढे जायचं, अशी चार-दोन माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. आणि शेवटी कचऱ्याचा डबा रिकामा. तो विसरायचा नाही. नाहीतर केर काढून सतरंजीखाली सारल्यासारखं.

एकेक नाव जाताना मी मनात म्हणत होतो, बाबांनो, कामं केलीत, जागा अडवलीत, कुणी आभार मानले नाहीत, मी मानतो. अडतीस जीबी माणसं निरोप घेऊन गेली. आणि मशीन असं काही पळायला लागलं, की चारला दहा कमी असताना शाळा साहेबीणबाईंच्या दारात उभी.

आठ दिवसांनी सूनबाईला पत्र आलं. कायम. आमच्या घरात पहिल्यांदा कोणी कायम झालं! मी ते पत्र शेजारी दाखवलं, वाण्याला दाखवलं, फॉरमॅटला तर दोनदा दाखवलं. शेवटचा कागद बघून घेतला, शाई ओली होती.

आणि त्याच संध्याकाळी तिनं मलाही एक पत्र दिलं. छापून, सही करून. घरातल्या कम्प्युटरच्या साफसफाईसाठी आपली नेमणूक करण्यात येत आहे. वा! छाती अशी फुगली… मग खालची ओळ वाचली. 'तात्पुरत्या स्वरूपात.' आणि त्याच्याखाली आमच्या हिच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीनं, 'एकोणनव्वद दिवसांनी ब्रेक.' दोघी दाराआड तोंडात पदर कोंबून उभ्या! साठ वर्षं लोकांच्या टोप्या उडवल्या, आणि माझी उडवली कुणी, तर माझ्याच घरातल्या दोघींनी. मी काय केलं? सही केली. टेम्प. खाली दोन टिंबं.

काल एकोणनव्वद भरले. आज सकाळी उठून बघतो तर माऊस कपाटात आणि कपाटाची किल्ली हिच्या कमरेला. म्हणून तर तुमच्यासमोर उभा आहे इतका वेळ, नाहीतर मला कुठे हो फुरसत? आता उद्या सकाळी जायचं, पुढच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "बाई, कम्प्युटर कुठे आला हो?"

एकशे पाचव्यांदा.